नवं-जुनं : चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाच्या नोंदी

२ जुलै

विषय अखेर मंजूर झाला. ‘कर्जरोखा : दख्खनच्या शेतकऱ्याच्या कर्जाचं लिखित रूप, १८५९ ते १८८३’. माझा मुख्य विषय मराठी आणि गौण विषय अर्थशास्त्र, म्हणून मार्गदर्शकही दोन : मराठीच्या मॅडम आणि अर्थशास्त्राचे सर. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तरच चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स मिळतं. माझे ७६.४. उंबरठ्याला ठेच लागता लागता आत आले. प्रबंधाला १२ श्रेयांक आहेत.

नोंदवही ठेव, असं दोघांनीही सांगितलंय. मॅडम म्हणाल्या, “काय वाचलंस ते लिही.” सर म्हणाले, “काय चुकलं ते लिही.”

९ जुलै

हा विषय कुठून सुचला, हे मुलाखतीत नीट सांगता आलं नव्हतं. इथे लिहून ठेवते.

मोरगावला जाताना आम्ही सुप्यावरून जायचो. जिरायत पट्टा. मावशी त्या बाजूला दिलेली. १२ मे १८७५ ला याच सुप्याच्या बाजारपेठेत आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे त्यांच्या वह्या आणि रोखे मागितले. मिळाले तिथे जाळले. हे लोण मग पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतकी वर्षं त्या रस्त्यानं जाऊनही हे मला गावात कुणी सांगितलं नाही. कळलं ते भावाच्या एमपीएससीच्या पुस्तकातून.

डोक्यात राहिलं ते एवढंच : मारायचं नव्हतं, लुटायचं हेही पहिलं नव्हतं, आधी कागद हवे होते. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कागद हवे होते. त्या कागदात काय होतं? हा प्रश्न साहित्याचा की अर्थशास्त्राचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

साहित्य गोळा करायचं : या दंग्याच्या चौकशीसाठी सरकारनं नेमलेल्या दंगा आयोगाचा अहवाल (१८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला तो), १८५९ चा मुदतीचा कायदा, १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा, जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’.

१६ जुलै

सरांसोबत पहिली बैठक. मी ‘असूड’च्या सुरुवातीच्या ओळी वाचून दाखवल्या. विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले. शाळेपासून पाठ आहेत, भिंतीवर रंगवलेल्या पाहिल्यात.

सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर पाच गोल काढून मधे बाण जोडले. “ही कारणांची साखळी आहे. बघ, पैसा चौथ्या पायरीवर येतो. आमच्या पुस्तकांत तो पहिल्या पायरीवर असतो आणि शिक्षण त्याच्यानंतर येतं. आता हे बाण या क्रमानंच का, ते मला सांग. कविता म्हणून सोडून देऊ नकोस.”

मी आजवर त्या ओळींतला नाद ऐकला होता. क्रम कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. “बाण बरोबर आहेत. पण शेवटच्या ओळीत ‘इतके अनर्थ एका अविद्येने केले’ म्हटलंय. ‘एका’ वर जोर आहे. साखळीत सगळ्या कड्या सारख्या असतात, इथे पहिली कडी आरोपी आहे. ते तुझ्या सरांच्या फळ्यावर दिसतं का?”

दिसत नाही. फळ्याचा फोटो काढून ठेवलाय.

२८ जुलै

दंगा आयोगाचा अहवाल. इंग्रजी जड, वाक्यं अर्ध्या पानाची. रोज पंधरा पानांच्या वर जमत नाही. ग्रंथालयातले काका सहाला दिवे घालवायला येतात तेव्हा मी अजून त्याच वाक्यात असते.

आयोगाचं म्हणणं थोडक्यात : सरकारचा शेतसारा हे दंग्याचं कारण नाही, सावकारी हे कारण आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेचा, म्हणजे तेव्हाच्या सुशिक्षितांच्या राजकीय संस्थेचा, रोख नेमका उलट, शेतसाऱ्यावर. जोतीरावांचा राग तिसरीकडेच : जन्माच्या आधीपासून मेल्यानंतरपर्यंत शेतकऱ्याकडून धर्माच्या नावानं काढलं जाणारं द्रव्य, गावच्या कुळकर्ण्याची लेखणी आणि त्या लेखणीवर विसंबून राहणारा आळशी गोरा अंमलदार. कर्ज एकच आणि खलनायक तीन.

मॅडमचं म्हणणं, अहवालही संहिता म्हणूनच वाच. कोण बोलतो, कुणाला बोलू दिलंय, कुणाचं बोलणं नुसतं सारांशात उरकलंय.

४ ऑगस्ट

आकडेमोड सुरू. सोपं आहे.

११ ऑगस्ट

सोपं नाही.

मी तक्ता केला : १०० रुपये कर्ज, दरमहा शेकडा दोन, म्हणजे सालीना २४ टक्के, बारा वर्षं काहीच फेड नाही. उत्तर १,३२१ रुपये. खूश होऊन सरांना दाखवलं. सरांनी कागद परत दिला. “हे दरवर्षी व्याज मुद्दलात मिळवून केलंयस. असं कोणत्या रोख्यात लिहिलंय ते दाखव.”

कोणत्याच नाही. आपल्या डोक्यात बँक असते, तीच मी १८६० मध्ये नेऊन बसवली होती.

१३ ऑगस्ट

नव्यानं. हे सविस्तर लिहिते, कारण दुसरं प्रकरण याच्यावर उभं राहणार आहे.

रोख्याच्या आत व्याज सरळ असतं. १०० रुपयांना तीन वर्षांत ७२ रुपये. १८५९ च्या कायद्यानं रोख्याची मुदत तीन वर्षांची केली, म्हणजे त्यानंतर त्या रोख्यावर कोर्टात दावा लावता येत नसे. हेतू चांगला होता. जुनी देणी वर्षानुवर्षं साचून फुगू नयेत म्हणून. पण तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणतो, मुदत संपतेय, नवा रोखा लिहून दे. नव्या रोख्यात मुद्दल म्हणून १७२ लिहिले जातात. पुढच्या खेपेला २९६. मग ५०९. बारा वर्षांनी ८७५.

आता याच्या शेजारी दामदुप्पट ठेवायचं. आपल्याकडचा जुना नियम, मुंबई इलाख्यातली न्यायालयंही हिंदू कुळांच्या (म्हणजे कर्जदारांच्या) बाबतीत मानत होती : एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. म्हणजे १०० चे फार तर २००, पुढे कितीही वर्षं जावोत. या दरानं ५० महिन्यांत २०० होतात आणि तिथे थांबतात.

पण रोखा तीनच वर्षांत नवा झाला तर पन्नासावा महिना उजाडतच नाही! व्याज कधीच मुद्दलाइतकं होत नाही, कारण त्याच्या आधीच ते मुद्दल होऊन बसतं. दामदुपटीचा नियम कुणी मोडला नाही, रद्दही केला नाही. त्याची वेळच येऊ दिली नाही. एक चांगला कायदा आणि एक चांगला नियम एकमेकांशेजारी ठेवले आणि मधल्या फटीतून ८७५ रुपये बाहेर आले.

सरांनी दोन गोष्टी समासात लिहून दिल्या. एक : हा दर मी गृहीत धरलाय, तक्त्याच्या वरच तसं स्पष्ट लिही. दोन : दर तीन वर्षांनी १.७२ पट म्हणजे सालीना सुमारे १९.८ टक्के चक्रवाढ, म्हणजे तुझ्या आधीच्या २४ पेक्षा कमीच. “जुलूम दाखवायचाय म्हणून आकडा फुगवू नकोस. खरा आकडा पुरेसा वाईट आहे.”

२० ऑगस्ट

मनोती राहिली होती. पैसे देतानाच काही रक्कम कापून घ्यायची. हातात ९५, रोख्यात १००. तळटीप घातली.

३० ऑगस्ट

मोडीचा वर्ग, आठवा दिवस. हात न उचलता लिहायची लिपी. शब्द कुठे संपला तेही लिहिणाऱ्यानंच ठरवायचं. अजून माझं अक्षर डोंगरावरून घसरल्यासारखं आहे.

पण आज शिकवणाऱ्या गुरुजींनी सरावाला एक जुना रोखा दिला आणि सगळा वेळ मी त्याच्या पहिल्या ओळीवरच अडकले. ‘लिहून देतो ऐसा जे’. लिहून देणारा शेतकरी. ‘मी’ म्हणणारा शेतकरी. खाली त्याची सही म्हणून नांगर काढलेला, ‘निशाणी नांगर’, आणि त्या नांगराच्या बाजूला हे अक्षर अमक्याचं म्हणून दुसऱ्याचंच नाव.

निवेदक एक, लेखक दुसरा. प्रथमपुरुषी निवेदन असलेला हा मजकूर निवेदकाला वाचताही येत नव्हता. साहित्यशास्त्राच्या तासाला ‘निवेदक आणि लेखक यांत भेद करा’ हे आम्ही पाच गुणांसाठी लिहायचो. इथे त्या भेदावर एकेकाची जमीन गेली.

मॅडमना रात्री आठला मेसेज केला, त्यांचा लगेच फोन आला. म्हणाल्या, “हा तुझा प्रबंध. बाकीचं कापायची तयारी ठेव.”

१४ सप्टेंबर

ताप. काही नाही.

२६ सप्टेंबर

कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका रयतेनं नगरच्या कलेक्टरला दिलेला अर्ज. आयोगाच्या कागदपत्रांत आहे. मला या सगळ्या ढिगाऱ्यात सर्वांत जिवंत वाटलेला कागद.

तक्रारी नेमक्या आहेत. घरखर्च भागत नाही म्हणून सावकाराकडे पैसे, कापड, धान्य मागावं लागतं. ते रोख भावानं मिळत नाही, रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा २५ ते ५० टक्के चढा भाव लावतात. शेतातला माल खात्यावर जमा करू म्हणून घेऊन जातात, वहीत त्याची नोंद करत नाहीत. पावती मागितली तर देत नाहीत.

सरांच्या दृष्टीनं यात व्याजापेक्षा मोठी गोष्ट आहे. व्याजदर कितीही असू दे, कापड सव्वापट भावानं घेतलं आणि ज्वारी जमाच झाली नाही, तर कागदावरचा दर निरर्थक. माझ्या १३ ऑगस्टच्या तक्त्यात हे कुठेच येत नाही. तक्ता चुकीचा नाही, पण त्यात माणूस दुकानात जातच नाही.

माझी अडचण वेगळी. अर्ज मिळतो तो इंग्रजीत. रयतेनं तो मराठीत सांगितला, कुणीतरी मराठीत लिहिला, मग कुणीतरी इंग्रजी केला. मी तो परत मराठीत आणला. छान जमला असं वाटलं. मॅडमनी वाचून विचारलं, “हा माणूस मिरजगावचा आहे का?” मी त्याच्या तोंडी ‘उदरनिर्वाह’ घातला होता. ‘अन्यायकारक अटी’ घातल्या होत्या. दीडशे वर्षांनी त्याच्यासाठी लेखणी धरणारी तिसरी व्यक्ती मी, आणि माझी लेखणी विद्यापीठाची.

भाषांतर परिशिष्टातून काढलं. मुख्य मजकुरात आशयच सांगायचा, त्याच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत.

३ ऑक्टोबर

‘असूड’, चौथं प्रकरण, पुन्हा. कलेक्टरकडे दाद न लागलेला शेतकरी आपल्याशीच बोलत बसतो. याआधी दोनदा वाचलं होतं तेव्हा त्याचं दुःखच दिसलं होतं. या वेळी दिसलं की तो आपल्याशी बोलतोय, कारण ऐकायला कुणी नाही आणि लिहून घेणारा तर नाहीच. जोतीराव शेजारी उभे राहून ऐकल्यासारखं लिहितात. लेखणी इथेही दुसऱ्याच्याच हातात. पण ही लेखणी त्याच्याकडून काही लिहून घेत नाही.

हे वाक्य फार गोंडस झालंय का? मॅडमना विचारायचं. (विचारलं. “ठेव, पण एकदाच वापर.”)

१५ ऑक्टोबर

सरांनी इतिहासकार नील चार्ल्सवर्थचा १९७२ चा लेख वाचायला दिला. दख्खनचे दंगे ही बरीचशी दंतकथा आहे, प्रत्यक्षात ते लहान, तुरळक होते, त्यांचं महत्त्व नंतर वाढवलं गेलं, असा त्याचा सूर. लेखाच्या नावातच ‘दंतकथा’ आहे.

वाचून हात-पाय गळाले. विषयच गेला असं वाटलं. दोन दिवस काही लिहिलं नाही. हॉस्टेलवरच्या मुली म्हणाल्या, विषय बदल, अजून वेळ आहे.

१८ ऑक्टोबर

सरांचं उत्तर : “दंगा मोठा होता की लहान, हा त्याचा प्रश्न. तुझा प्रश्न काय होता?” कागद. दंगा लहान असला तरी कागद तेच. उलट बरं झालं, आता पहिल्या प्रकरणात ‘वणव्यासारखा पसरला’ असलं काही लिहायचा मोह होणार नाही. तसं लिहिलं होतं, खोडलं. दंग्याच्या आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या करड्याला सावकारांवर गावानं बहिष्कार घातला, तेही सुप्याइतकंच महत्त्वाचं. त्याला आग नाही, धूर नाही, म्हणून ते आमच्या नजरेतून सुटतं.

२ नोव्हेंबर

दिवाळीला घरी. चकल्या तळताना आईला प्रकल्प समजावून सांगत होते : मुदत संपायच्या आत जुना रोखा फाडायचा, नवा लिहायचा, तोच आकडा पुढे न्यायचा.

आई झाऱ्या हातात धरून म्हणाली, “म्हणजे नवं-जुनं.”

मी थांबलेच. मार्च आला की घरात हा शब्द ऐकत वाढले. आण्णा, म्हणजे माझे वडील, फोनवर कुणाला तरी म्हणायचे, “नवं-जुनं करायचंय, आठ दिवसांसाठी जरा बघा की.” सोसायटीचं पीककर्ज. ३१ मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, सरकार सवलत देतं. पण मार्चमध्ये एवढी रक्कम हातात कुणाकडे असते? मग हातउसने घ्यायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं कर्ज मंजूर झालं की त्यातून हातउसने परत करायचे. कागदावर कर्ज फिटलं आणि पुन्हा मिळालं. वेळेवर फेडणारा खातेदार.

चकल्या करपल्या.

५ नोव्हेंबर

मावशीकडे गेले, वाटेत सुप्याला उतरले. बघण्यासारखं असं काही नाही. मोबाइलची दुकानं, खताची दुकानं, रसवंती. एका दुकानाच्या दारात बसलेल्या आजोबांना विचारलं, इथे सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या म्हणे? म्हणाले, “कुणाच्या? कधी? आमच्या नका म्हणू बाई, आमची उधारी सगळी मोबाइलवर हाय आता.”

१९ नोव्हेंबर

मोठा वाद. मी तिसऱ्या प्रकरणाला नाव दिलं होतं : ‘१८५९ ते आजचं नवं-जुनं : इतिहासाची पुनरावृत्ती’.

सरांनी ‘पुनरावृत्ती’ वर लाल गोल केला. तिथे नवा रोखा लिहिताना व्याज मुद्दलात जातं, इथे मुद्दल पूर्ण भरलं जातं आणि व्याज शून्य. तिथे सावकार खाजगी, इथे सोसायटी आणि सरकारची सवलत. तिथे कुळ अडकतं, इथे वही स्वच्छ दिसावी म्हणून बँकही खूश असते. दिसायला एकच हालचाल, आतली यंत्रणा वेगळी. “सारखं दिसतं म्हणून सारखं म्हणणं हे तुमच्या साहित्यवाल्यांचं दुखणं आहे.”

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या चिडल्या, पण माझ्यावर नाही. “मग त्यांना विचार, आईनं एकाच शब्दात दोन्ही का ओळखलं?”

मी दोघांच्या मधे. पण सरांचं म्हणणं पटलं, आणि मॅडमचा प्रश्नही सुटत नाही. आईनं यंत्रणा ओळखली नव्हती. तिनं कागद ओळखला. दोन्हीकडे नव्या कागदाला मागचं काही आठवत नाही. प्रकरणाचं नाव बदललं : ‘कागदाची स्मृती’. पुनरावृत्ती हा शब्द सगळीकडून काढला, सतरा ठिकाणी होता.

८ डिसेंबर

१८७९ चा कायदा. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू.

‘कागदाची स्मृती’ हे नाव ठेवल्यावर हा कायदा वेगळाच दिसायला लागला. न्यायालयानं नुसत्या रोख्यावर थांबायचं नाही, त्याच्या मागे जायचं, व्यवहार पहिल्यापासून उलगडायचा. मूळ किती दिले, कधी दिले, वाढले कसे. म्हणजे न्यायाधीशानं शेवटचं पान वाचून निकाल द्यायचा नाही, पहिल्या पानापासून गोष्ट ऐकायची. रोखे गावपातळीवर नोंदवून घ्यायचे. सावकारानं पावती द्यायची, हिशेब द्यायचा. मिरजगावच्या अर्जाशी हे कलम जुळवून बघताना अंगावर काटा आला. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करायचं नाही. मुदत तीन वर्षांवरून नोंदलेल्या रोख्याला बारा, इतरांना सहा.

सरांनी पाणी ओतलं, ओतायलाच हवं होतं : “मग सावकारांनी काय केलं?” गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतं लिहून घ्यायला लागले. कर्ज म्हटलं तर मागचा इतिहास निघतो, विक्री म्हटली तर इतिहासच नाही. कायद्यानं कागदाला स्मृती दिली, तर लोकांनी विसरणारा दुसरा कागद शोधून काढला.

२२ डिसेंबर

सत्रपरीक्षा. नोंद नाही.

१२ जानेवारी

अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. हॉस्टेल सोडून मी या महिन्यात पिंपळे सौदागरला तिघींच्या खोलीत राहायला आले. आणि आज हॅरल्ड मान यांचं दख्खनच्या एका खेड्याच्या जमिनीचं आणि श्रमाचं सर्वेक्षण (१९१७) उघडलं तर ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर! मान पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी इथल्या जमिनीची वाटणी जुन्या दप्तरांपासून लावून दाखवली : १७७१ मध्ये सरासरी जमीनधारणा ४० एकर, १९१४-१५ ला ७ एकर. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणांवरच्या निबंधात या सर्वेक्षणाचा समाचार घेतला. त्यांचा मुद्दा असा की एकर मोजून भागत नाही, त्या एकरावर लावायला भांडवल किती आहे ते बघा, आणि शेतीवरचा जादा माणूस उद्योगात न्या.

खिडकीतून बावीस मजली इमारती दिसतात. उद्योग आला. मी सात एकरांच्या सरासरीवर तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते.

प्रबंधात एक परिच्छेद, त्याहून जास्त नाही. मोह आवर.

३ फेब्रुवारी

पहिला पूर्ण खर्डा दिला. १२४ पानं. मॅडम : चाळीस कमी कर. सर : तक्ता ३ मध्ये एकक लिहिलेलं नाही.

१७ फेब्रुवारी

मौलिकतेची तपासणी. संगणकानं ४१ टक्के ‘चोरी’ दाखवली. त्यात ‘असूड’मधले उतारे, कायद्याची कलमं आणि रोख्याचा ठरीव मायना. ‘लिहून देतो ऐसा जे’ हे शब्दही चोरलेले निघाले. ते खरंच चोरलेले आहेत, दोन-तीनशे वर्षं सगळे एकमेकांचे चोरतायत.

अवतरणं वगळून पुन्हा तपासलं : ९ टक्के.

६ मार्च

घरच्या कर्जावरचा भाग ठेवायचा असेल तर संमतिपत्र लागेल, असं नीतिसमितीनं कळवलं. वडील असले तरी. नियम बरोबर आहे. पत्राचा नमुना इंग्रजीत होता, मी मराठी केला : ‘मी खाली सही करणार स्वेच्छेने संमती देतो की…’

घरी जाऊन आण्णांपुढे ठेवला. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सही करायला वाकले.

“आण्णा, आधी वाचा की.”

“अगं तू लिहिलंयस ना? सोसायटीत काय वाचून सह्या करतो का मी? अठरा ठिकाणी करतो.”

मी कागद ओढून घेतला. खरं सांगायचं तर घाबरले. मी लिहिलेला, त्यांच्या तोंडी ‘मी’ घातलेला, न वाचता सही केलेला कागद. ३० ऑगस्टची नोंद जशीच्या तशी माझ्या हातात होती, फक्त नांगराच्या जागी बॉलपेन.

मग म्हटलं, सही नको, आधी प्रकरण वाचा. घरच्या कर्जाची नऊ पानं छापून ठेवून आले. आण्णा म्हणाले, “ऊस तुटल्यावर बघतो.”

१९ मार्च

आण्णांचा काही निरोप नाही. आईला विचारलं तर म्हणाली, पानं देवळीत आहेत, चष्मा त्यावर ठेवलेला दिसतो अधनंमधनं.

तोवर तक्ता ५ मी माझ्या समजुतीनं भरला. दोन लाखांचं पीककर्ज, हातउसने दरमहा शेकडा तीन, २० दिवस : ४,००० रुपये. म्हणजे शून्य टक्क्याचं कर्ज प्रत्यक्षात दोन टक्क्यांना पडतं. नवं कर्ज यायला दीड महिना लागला तर ९,००० रुपये, साडेचार टक्के. सरांना तक्ता आवडला. “हे मात्र कुठल्या अहवालात नसतं.”

२ एप्रिल

१० तारखेला सादर करायचं. बाइंडिंगवाल्याला तीन प्रती सांगितल्या, काळं कापड, सोनेरी अक्षरं.

५ एप्रिल

आईनं एसटीनं डबा पाठवला. डब्याच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत ती नऊ पानं आणि सही केलेलं संमतिपत्र.

पानांवर आण्णांचं अक्षर. मला वाटलं होतं चारदोन ठिकाणी टिकमार्क असतील. समास भरलेत. ‘ऊस’ लिहिलंय तिथे ‘तेव्हा कांदा होता’. ‘सावकाराकडून’ खोडून ‘मेव्हण्याच्या ओळखीनं, सावकार म्हणू नये’. एका ठिकाणी मी ‘नाइलाजाने’ लिहिलं होतं, त्यावर काट आणि वर ‘हिशोबाने’. आणि तक्ता ५ च्या खाली, पेन जोरात दाबून :

‘आकडा चुकीचा. शेकडा तीन कोणी सांगितले? दीड होता. दिवस २६ लागले, सेक्रेटरी रजेवर होता.’

संमतिपत्रातही माझ्या ‘स्वेच्छेने’ नंतर बाण काढून आत घातलंय : ‘वाचून’.

बाइंडिंगवाल्याला फोन करून काम थांबवलं. नऊ पानं जशी आहेत तशी स्कॅन करून परिशिष्ट २ मध्ये टाकली. ‘नाइलाजाने’ सगळ्या प्रबंधात शोधून बघितलं, अकरा ठिकाणी आहे, एकेक तपासतेय.

तक्ता ५ दुरुस्त : २,००,००० रुपये, दरमहा शेकडा दीड, २६ दिवस, २,६०० रुपये.